तुरुंगातल्या शौचकूपांचे टेंडर



मागच्या वर्षी आमच्या वस्तीत समाजमंदिराचे काम झाले. पैसा अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासासाठीच्या योजनेतला. म्हणजे निधी आपल्या नावाचा, जागा आपली, डोक्यावर घमेली घेऊन स्लॅब टाकणाऱ्या बाया-माणसंही आपलीच. कामाचा फलक लागला तेव्हा सगळ्यांनी वाचला. योजनेचे नाव, रक्कम, मुदत आणि खाली ठेकेदाराचे नाव. ते नाव आपले नव्हते. मग आजूबाजूच्या चार वस्त्यांत जाऊन तिथले फलक वाचले. एकाही फलकावर आपले नाव नाही. (गावाकडे आडनावावरून जात ओळखायला समाजशास्त्राची एम.ए. लागत नाही.)

हे मी एका ज्येष्ठ कार्यकर्त्याला बोलून दाखवले. ते म्हणाले, "अरे, ठेका म्हणजे धंदा. धंद्यात कसलं आलंय आरक्षण?"

त्या क्षणी मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे. कारण धंद्यात, आणि तेही थेट सरकारी बांधकामाच्या ठेक्यात, वंचित समाजाचा वाटा कायद्याने ठरवता येतो का, हा प्रश्न अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वी महापालिकांत, संसदेत आणि सर्वोच्च न्यायालयात लढला गेला आहे. तिथले कृष्णवर्णीय तो आधी जिंकले आणि मग हरले. आपल्याला त्यांचा विजय उपयोगी आहे. पराभव त्याहून जास्त उपयोगी आहे.

सुरुवात जरा मागून करू. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या संसदेच्या घुमटावर 'स्वातंत्र्य' या नावाचा ब्राँझचा पुतळा आहे. तो ज्या फाउंड्रीत ओतला गेला तिथे फिलिप रीड नावाचा कारागीर काम करत होता. रीड गुलाम होता. सरकारी हिशेबाच्या कागदांत त्याची नोंद सापडते. आठवड्यातल्या सहा दिवसांच्या त्याच्या कामाचे पैसे त्याच्या मालकाला, म्हणजे फाउंड्रीवाल्या क्लार्क मिल्सला मिळत. रविवारी साच्याखालची भट्टी पेटती ठेवण्याचे, दिवसाला सव्वा डॉलरप्रमाणे ३३ रविवारांचे ४१ डॉलर २५ सेंट, एवढेच रीडच्या हातात पडले. १८६२ मध्ये राजधानीतली गुलामी संपली. डिसेंबर १८६३ मध्ये पुतळा घुमटावर चढला तेव्हा रीड स्वतंत्र माणूस होता. व्हाइट हाऊस आणि संसद भवनाच्या बांधकामातही गुलाम राबले आणि त्यांच्या कामाची रक्कम मालकांना चुकती झाली. सरकारी बांधकामाचा पैसा कोणाच्या घामातून निघतो आणि कोणाच्या खिशात जातो, याचा हिशेब तिथे असा पहिल्या दिवसापासून कागदावर आहे.

तेव्हा 'त्यांना कौशल्यच नव्हते' हा युक्तिवाद बाजूला ठेवा. दक्षिणेतल्या राज्यांत गवंडी, सुतार, प्लास्टर करणारे यांत कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने होते. विसाव्या शतकात बांधकाम यंत्रांचे, पाइपांचे आणि विजेचे झाले. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, पत्र्याचे काम करणारे यांच्या युनियन बळकट झाल्या आणि त्यांनी दारे लावून घेतली. शिकाऊ म्हणून आत यायचे तर युनियनमधल्या कोणाचा तरी मुलगा, भाचा किंवा मेहुणा असावे लागे. बापाचा धंदा मुलाला आणि बाहेरच्याला बंदी. ही व्यवस्था आपल्याला नव्याने समजावून सांगावी लागत नाही! १९६९ मध्ये निक्सन सरकारने 'फिलाडेल्फिया प्लॅन' आणला. केंद्र सरकारच्या पैशाचे बांधकाम घ्यायचे असेल तर ठेकेदाराने कृष्णवर्णीय कामगार घेण्याची उद्दिष्टे मान्य करावीत, अशी अट त्यात होती. हा प्लॅन पुढे रेटणारे कामगार खात्यातले अधिकारी आर्थर फ्लेचर स्वतः कृष्णवर्णीय होते.

पण मजूर म्हणून आत जाणे वेगळे आणि ठेकेदार म्हणून आत जाणे वेगळे. ठेकेदारीच्या दाराला कुलूप होते ते जामिनाचे. १९३५ च्या मिलर कायद्याने केंद्र सरकारच्या बांधकामासाठी ठेकेदाराने जामीनरोखा देणे बंधनकारक केले. काम अर्धवट टाकले किंवा मजुरांचे आणि मालवाल्यांचे पैसे बुडवले तर जामीन कंपनी भरून देणार. नियम वाजवीच आहे. पण जामीन कंपनी काय बघते? आधी किती मोठी कामे केली, बँकेत पत किती, घरदार-मालमत्ता किती. ज्याच्या बापाला बँक कर्ज देत नव्हती, ज्याला पूर्वी कुणी मोठे काम दिलेच नाही, त्याला जामीन नाही. जामीन नाही म्हणून काम नाही. काम नाही म्हणून अनुभव नाही आणि अनुभव नाही म्हणून पुन्हा जामीन नाही. आपल्याकडे ज्यांनी टेंडर भरायचा प्रयत्न केला आहे त्यांना अनामत रक्कम, बँक गॅरंटी आणि 'मागील तीन वर्षांत समान स्वरूपाचे काम केल्याचा दाखला' ही त्रिसूत्री ठाऊक आहेच. कागदावर जातीचा उल्लेख कुठेच नाही, तरी गाळणी मात्र बरोबर जातीची निघते.

१९६७-६८ मध्ये अमेरिकेची शहरे पेटली होती. त्यानंतर निक्सन यांनी 'काळ्यांच्या भांडवलशाही'ची भाषा सुरू केली आणि मार्च १९६९ मध्ये अल्पसंख्याकांच्या उद्योगांसाठी व्यापार खात्यात स्वतंत्र कार्यालय काढले. हे काही त्यांच्या हृदयपरिवर्तनातून झाले नाही. रस्त्यावर आग होती म्हणून झाले. आपल्यातले काही मित्र सत्ताधाऱ्यांच्या सदिच्छेवर फार विसंबतात, त्यांच्यासाठी ही नोंद.

खरी झुंज अटलांटा शहरात झाली. १९७३ मध्ये मेनार्ड जॅक्सन तिथले पहिले कृष्णवर्णीय महापौर म्हणून निवडून आले. वय अवघे पस्तीस. शहराची निम्म्याहून अधिक वस्ती कृष्णवर्णीयांची, पण महापालिकेच्या ठेक्यांत त्यांचा वाटा एक टक्कासुद्धा नव्हता. त्याच वेळी शहरासमोर विमानतळाचे नवे टर्मिनल बांधण्याचे प्रचंड काम होते, सुमारे पन्नास कोटी डॉलरचे. जॅक्सन यांनी सांगितले की या कामातला सुमारे पाव हिस्सा अल्पसंख्याक कंपन्यांना मिळेल, मोठ्या गोऱ्या कंपन्यांनी त्यांना भागीदार करून घ्यावे, नाहीतर टर्मिनल होणार नाही. धावपट्टीवर गवत उगवले तरी चालेल. उद्योगपती आणि वर्तमानपत्रे तुटून पडली. दर्जा घसरेल, खर्च वाढेल, शहर बुडेल. काम काही वर्षे लांबले, पण महापौर हटले नाहीत. सप्टेंबर १९८० मध्ये टर्मिनल सुरू झाले आणि आज तो जगातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक आहे. शहर बुडाले नाही. २००३ मध्ये जॅक्सन वारल्यावर त्या विमानतळाच्या नावात त्यांचे नाव जोडले गेले.

यातली हुशारी भागीदारीत होती. छोट्या कंपनीकडे जामीन नाही, मोठीकडे आहे. दोघांनी मिळून काम घ्यायचे. छोटीला जामीन मिळतो, अनुभवाचा दाखला मिळतो आणि पुढच्या वेळी ती स्वतःच्या पायावर टेंडर भरू शकते. जामिनाचे ते चक्र नेमके कुठे तोडायचे हे जॅक्सन यांना कळले होते.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी प्रचारक ठरेन. १९७७ मध्ये याच अटलांटात सफाई कामगारांनी पगारवाढीसाठी संप केला. बहुतेक सगळे कृष्णवर्णीय. आणि याच मेनार्ड जॅक्सन यांनी नऊशेहून अधिक कामगारांना नोकरीवरून काढून टाकले. नऊ वर्षांपूर्वी मार्टिन ल्यूथर किंग मेम्फिसमध्ये सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला गेले असताना मारले गेले होते. अटलांटात त्यांचे वडील महापौरांच्या बाजूने उभे राहिले. विमानतळाच्या ठेक्यात वाटा मिळवून देणारा माणूस आणि झाडूवाल्यांच्या पोटावर पाय देणारा माणूस एकच. तेव्हा ठेक्यातला वाटा म्हणजे मुक्ती, असे कुणी सांगू लागले तर मला ते मान्य नाही. आपल्याच समाजाचा ठेकेदार आपल्याच मजुराला किमान वेतन देत नाही असे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण म्हणून वाटा मागू नये काय? मजुराचा प्रश्न मजुराच्या संघटनेने लढायचा. ठेक्याचे दार कोणासाठी उघडे आहे हा प्रश्न वेगळा आहे आणि तोही लढावाच लागतो.

अटलांटातली ही लढाई चालू असतानाच प्रश्न संसदेत पोचला. बाल्टिमोरचे खासदार पॅरेन मिचेल हे मेरिलँड राज्यातून निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय खासदार. बेकारी हटवण्यासाठी स्थानिक बांधकामांवर चार अब्ज डॉलर खर्च करण्याचे विधेयक सभागृहात होते. फेब्रुवारी १९७७ मध्ये मिचेल यांनी त्यात एक दुरुस्ती मांडली: प्रत्येक अनुदानातील किमान १० टक्के रक्कम अल्पसंख्याकांच्या मालकीच्या उद्योगांकडे गेली पाहिजे. त्यांचा युक्तिवाद साधा होता. अल्पसंख्याक लोकसंख्येच्या १५ ते १८ टक्के आणि केंद्र सरकारच्या खरेदीत त्यांच्या उद्योगांचा वाटा एक टक्क्याच्याही आत. दुरुस्ती मंजूर झाली आणि मे १९७७ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केली. यात आपल्याला परिचित अशी पळवाटही होती. पात्र अल्पसंख्याक कंपनी खरोखरच मिळत नसेल तर अधिकारी सूट देऊ शकत होते.

ठेकेदारांच्या संघटना लगेच कोर्टात गेल्या. समतेचा भंग होतो म्हणाले. 'मेरिट'चा कैवार घेणाऱ्यांना समता आठवते ती नेमकी अशाच वेळी. २ जुलै १९८० रोजी 'फुलिलव्ह विरुद्ध क्लुट्झनिक' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी कायदा वैध ठरवला. राष्ट्राच्या संसदेला भूतकाळातला भेदभाव दूर करण्याचा अधिकार आहे, हे मुख्य कारण. हा विजय होता. देशभरातल्या शहरांनी आणि राज्यांनी आपापल्या ठेक्यांसाठी असे टक्के ठरवायला सुरुवात केली.

इथे थोडे थांबतो, कारण मिचेल यांच्या त्या दुरुस्तीच्या ३५ वर्षे आधी हीच गोष्ट एका माणसाने हिंदुस्थानच्या सरकारपुढे मांडली होती. १९४२ च्या जुलैमध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. सरकारी इमारती बांधणारे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खाते, सीपीडब्ल्यूडी, त्यांच्याच अखत्यारीत होते. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्य वर्गाच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. त्यात नोकऱ्या आहेत, परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या आहेत, तांत्रिक शिक्षण आहे, आणि बांधकाम खात्याचे ठेकेही आहेत! खात्याच्या ठेकेदारांच्या यादीत आपला माणूस जवळजवळ नाहीच, हे बाबासाहेबांनी भाषण करून सांगितले नाही, आकडे देऊन दाखवले. स्वतःच्या खात्याची यादी काढली, मोजणी केली आणि व्हाइसरॉयच्या टेबलावर ठेवली.

नोकऱ्यांची मागणी पुढच्याच वर्षी ८.३३ टक्क्यांच्या आदेशात उतरली. शिष्यवृत्त्या घेऊन मुले परदेशी गेली. ठेक्यांची मागणी मात्र तिथेच राहिली, आणि खरे सांगायचे तर आपण स्वतःच ती विसरलो. नोकरीचे आरक्षण वाचवण्यात तीन पिढ्या गेल्या. त्या निवेदनात नोकरीइतकाच ठेकाही होता हे किती शिबिरांत सांगितले जाते?

आता येतो तुरुंगातल्या शौचकूपांवर.

व्हर्जिनिया राज्यातले रिचमंड म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या राज्यांची राजधानी. तिथली निम्मी लोकसंख्या कृष्णवर्णीय. वॉर्डनिहाय निवडणुका लागू झाल्यावर १९७७ मध्ये तिथल्या नगर परिषदेत पहिल्यांदा कृष्णवर्णीयांचे बहुमत आले. परिषदेने आकडे काढले. १९७८ ते १९८३ या पाच वर्षांत शहराच्या मुख्य बांधकाम ठेक्यांपैकी अल्पसंख्याक कंपन्यांना मिळाले ०.६७ टक्के. निम्मी लोकसंख्या आणि पाऊण टक्क्याहूनही कमी ठेके. ठेकेदारांच्या स्थानिक संघटनांत कृष्णवर्णीय सभासद जवळजवळ नव्हते. एप्रिल १९८३ मध्ये परिषदेने ठराव केला: मुख्य ठेकेदाराने ठेक्याच्या रकमेतला किमान ३० टक्के भाग अल्पसंख्याक कंपन्यांना उपठेक्याने द्यावा.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शहराच्या तुरुंगात स्टेनलेस स्टीलच्या मुताऱ्या आणि शौचकूप बसवण्याचे टेंडर निघाले. ओहायोच्या जे. ए. क्रोसन कंपनीने १,२६,५३० डॉलरची निविदा भरली. दुसरी निविदाच आली नाही. अट पूर्ण करायची तर ही भांडी अल्पसंख्याक पुरवठादाराकडून घ्यावी लागणार होती. स्थानिक कृष्णवर्णीयाची एक कंपनी तयार होती, पण माल बनवणाऱ्यांकडून तिला वेळेत उधारी मिळेना. शेवटी तिने दर दिला तो क्रोसनने धरलेल्या दरापेक्षा ६,१८३ डॉलरने जास्त. क्रोसनने अटीतून सूट मागितली, नाहीतर रक्कम वाढवून मागितली. शहराने दोन्ही नाकारले आणि फेरटेंडर काढायचे ठरवले. क्रोसन कोर्टात गेली.

मित्रांनो, जरा बघा. अमेरिकेत वंचितांच्या आर्थिक हक्काचा सर्वांत मोठा खटला उभा राहिला तो तुरुंगातल्या शौचकूपांवरून. आपल्याकडे शौचकूप साफ करण्याचे काम हजारो वर्षे एकाच समाजाला शंभर टक्के राखीव होते. त्यावर कुणी 'मेरिट डावलले' म्हणून खटला भरला नाही. शौचकूप बसवण्याच्या ठेक्यात ३० टक्के म्हटले की मात्र घटना धोक्यात येते!

२३ जानेवारी १९८९ रोजी निकाल लागला. सहा विरुद्ध तीन मतांनी रिचमंडचा ठराव रद्द झाला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांचे. त्यांचे म्हणणे असे. वंशावर आधारलेली कोणतीही तरतूद, मग ती वंचितांच्या बाजूची का असेना, अत्यंत कठोर कसोटीला उतरली पाहिजे. समाजात भेदभाव आहे असे सर्वसाधारण बोलून भागणार नाही. याच शहरात, याच धंद्यात भेदभाव झाला याचा नेमका पुरावा हवा. निम्मी लोकसंख्या आणि ०.६७ टक्के ठेके ही तुलनाच चुकीची. तुलना करायची तर शहरात काम करण्यास पात्र अशा किती अल्पसंख्याक कंपन्या आहेत आणि त्यांना किती ठेके मिळाले यांची करा. संघटनांत कृष्णवर्णीय नाहीत? असेल; कदाचित त्यांना बांधकामापेक्षा दुसरे धंदे जास्त पसंत असतील.

हे शेवटचे वाक्य मी तीनदा वाचले. 'त्यांना शिकायचेच नसते', 'त्यांना धंदा जमत नाही', 'त्यांना सरकारी नोकरीच आवडते', हे आपल्या कानावर रोज पडते. तेच तिथे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात, सभ्य इंग्रजीत.

आणि युक्तिवादातली गंमत ओळखा. पात्र कंपन्या किती हे मोजा म्हणतात. पात्र कंपनी कशाने होते? जामिनाने, पतीने, अनुभवाने. ते कोणी मिळू दिले नाही? ज्यांच्यावर भेदभावाचा आरोप आहे त्यांनीच. म्हणजे दार इतके घट्ट बंद ठेवायचे की आत कोणी येऊच नये, आणि नंतर विचारायचे, आत आलेल्यांशी भेदभाव झाल्याचा पुरावा कुठे आहे? भेदभाव जितका पक्का, तितका त्याचा पुरावा कमी. न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी आपल्या विरोधी मतात हाच मुद्दा पकडला. तरुणपणी शाळांतल्या वर्णभेदाविरुद्धचा ब्राऊन खटला लढलेला हा वकील. गुलामगिरीच्या जुन्या राजधानीने आपणहून भेदभावाशी सामना करायचे ठरवले, आणि देशाचे सर्वोच्च न्यायालय तिला अडवते, याचे दुःख त्यांच्या मतात आहे.

पण रिचमंडच्या परिषदेचीही चूक होती आणि ती आपण मान्य केली पाहिजे. ३० टक्केच का, याचे उत्तर त्यांच्या कागदांत नव्हते. लाभार्थींच्या यादीत केंद्राच्या कायद्यातून उचलून एस्किमो आणि अल्यूट यांचीही नावे घातली होती. रिचमंडमध्ये असा माणूस कधी राहिला असेल का, असा टोला निकालात आहे. कोणत्या कंपनीने निविदा भरली, कोणाला का नाकारले, कोणाला उधारी मिळाली नाही, यांची वर्षानुवर्षांची नोंद ठेवलेली नव्हती. अन्याय सगळ्यांना माहीत होता, म्हणून तो लिहून ठेवायचे कुणाला सुचले नाही. ज्याला बांधकामाच्या भांड्यांसाठी उधारी मिळाली नाही तो माणूस खटल्याच्या कागदांतच आहे, आणि तरी तो पुरावा ठरला नाही, कारण तो एकटा होता.

निकालानंतर अनेक शहरांनी आपल्या योजना बंद केल्या आणि अल्पसंख्याक कंपन्यांचे ठेके झपाट्याने घटले. काही शहरे मात्र शहाणी झाली. त्यांनी विद्यापीठांना आणि अभ्यासकांना कामाला लावून तफावतीचे अभ्यास करवून घेतले: किती कंपन्या पात्र, किती जणांनी निविदा भरल्या, किती जणांना काम मिळाले, बँकेने कोणाला किती व्याजाने कर्ज दिले. पुराव्यावर उभ्या केलेल्या योजना पुढेही कोर्टात टिकल्या. जून १९९५ मध्ये 'अदारंद' खटल्यात, कोलोराडोतल्या डोंगरी रस्त्याच्या कडेच्या कठड्याच्या उपठेक्यावरून, पाच विरुद्ध चार मतांनी हीच कठोर कसोटी केंद्र सरकारच्या योजनांनाही लागू झाली. तरीही महामार्गांच्या निधीतली १० टक्के उद्दिष्टाची योजना नियम बदलून आणखी तीस वर्षे चालली. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्रम्प सरकारच्या वाहतूक खात्याने वंश आणि लिंग यांवरून वंचित मानण्याची तरतूदच तिच्यातून काढून टाकली. आता प्रत्येक ठेकेदाराने आपण वैयक्तिकरीत्या कसे वंचित आहोत हे सिद्ध करायचे. सामूहिक अन्यायाचे रूपांतर एकेकाच्या वैयक्तिक रडगाण्यात करायचे, ही युक्ती लक्षात ठेवा. ती इकडेही येणार आहे.

बनावटगिरीबद्दलही बोलले पाहिजे, नाहीतर विरोधक ती आपल्याला ऐकवतील. तिकडे अल्पसंख्याक माणूस नावापुरता मालक आणि कारभार गोऱ्यांचा, असे प्रकार भरपूर झाले. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वेडटेक कंपनीने अल्पसंख्याक मालकीच्या नावावर लष्कराचे ठेके लाटले आणि १९८६ मध्ये ती कोसळली तेव्हा एका खासदारापर्यंत लाचेचे धागे गेले. आपल्याकडे तर 'लायसन आपल्या पोराचे आणि काम पाटलाचे' हे आता विनोदानेही कुणी सांगत नाही, इतके नेहमीचे झाले आहे. पोराला सहीचे चार पैसे मिळतात, अनुभवाचा दाखला मात्र त्याच्या नावावर असून त्याला पाया खणायची चर किती खोल हवी हेही सांगता येत नाही. यावर उपाय योजना बंद करणे हा नाही. जागेवर जाऊन काम कोण करतो हे तपासणे हा आहे.

आता आपल्याकडे काय आहे ते पाहू. जानेवारी २००२ मध्ये भोपाळ घोषणापत्रात दलित विचारवंतांनी अमेरिकेचे हेच उदाहरण समोर ठेवून सरकारी खरेदीत वाटा मागितला. २०१२ मध्ये केंद्राने सूक्ष्म व लघु उद्योगांकडून खरेदीचे धोरण अधिसूचित केले. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांसाठी ४ टक्के. प्रत्यक्ष खरेदी वर्षानुवर्षे त्याच्या निम्म्यावरही गेली नाही. आणि यातली खरी मेख फार थोड्यांना ठाऊक आहे: हे धोरण वस्तू आणि सेवांसाठी आहे. बांधकामाचे ठेके त्यात धरलेच जात नाहीत. म्हणजे रस्ते, पूल, इमारती, कालवे, सरकारचा सगळ्यात मोठा पैसा जिथे जातो तिथे आपला टक्का शून्य.

कर्नाटकने हे केले. सार्वजनिक खरेदीच्या आपल्या कायद्यात दुरुस्ती करून २०१७ पासून ५० लाखांपर्यंतच्या बांधकामांत अनुसूचित जातींना १७.१५ आणि जमातींना ६.९५ टक्के कामे राखीव झाली. पुढे मर्यादा १ कोटीवर गेली. कर्नाटकातले रस्ते त्यामुळे खचले नाहीत. आणि महाराष्ट्र? महाराष्ट्रात ठेके राखून ठेवण्याचे तत्त्व आधीच मान्य आहे! छोट्या कामांतला ठरावीक हिस्सा सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना आणि मजूर सहकारी संस्थांना दिला जातो. योग्यच आहे. पण मग 'धंद्यात कसलं आरक्षण' हा प्रश्न इथे कुणी विचारत नाही, तो जातीचे नाव निघाल्यावरच का विचारला जातो?

काही मित्र म्हणतील, आपली घटना वेगळी आहे, अमेरिकेची कठोर कसोटी इथे लागत नाही. बरोबर आहे. २००८ च्या अशोककुमार ठाकूर निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्ट म्हटले आहे. पण पुरावा मागण्याची रीत आली नाही काय? २००६ च्या नागराज निकालाने पदोन्नतीतल्या आरक्षणासाठी मोजता येईल अशी आकडेवारी मागितली. आणि स्थानिक स्वराज्य संस्थांतले ओबीसी आरक्षण 'इम्पिरिकल डेटा' नाही म्हणून कसे लटकले ते महाराष्ट्राने २०२१ मध्ये पाहिले. उद्या महाराष्ट्रात ठेक्यांत वाटा देणारा कायदा आला, तर दुसऱ्या दिवशी एखादा क्रोसन कोर्टात जाईल आणि पहिला प्रश्न हाच विचारला जाईल. तेव्हा रिचमंडसारखे रिकाम्या हाताने उभे राहायचे का?

मी एका कार्यालयात माहिती अधिकारात अर्ज केला होता. नोंदणीकृत ठेकेदारांपैकी अनुसूचित जातीचे किती आणि गेल्या पाच वर्षांत त्यांना किती रकमेची कामे मिळाली, एवढेच विचारले. उत्तर आले: अशी माहिती संकलित स्वरूपात ठेवली जात नाही. १९४२ मध्ये बाबासाहेबांनी जी यादी काढली ती २१ व्या शतकात निघत नाही.

म्हणून आम्ही पाच-सहा जणांनी एक वही केली आहे. आपल्या वस्त्यांतल्या प्रत्येक कामाच्या फलकाचा फोटो काढायचा आणि वहीत उतरवायचे: योजना, रक्कम, तारीख, ठेकेदार, कामावरचे मजूर कोण, त्यांना रोज किती मिळाला. शेवटचा रकाना आहे 'आपल्यापैकी कोणी टेंडर भरले होते का, आणि ते का मिळाले नाही'. तो रकाना मी रिचमंडवरून घातला. भरायला तोच सगळ्यात अवघड जातो. ज्यांची अनामत रक्कम अडकली, ज्यांना बँकेने परत पाठवले, ज्यांना साहेबाने टेबलावरच सांगितले की या कामाच्या नादाला लागू नको, ती माणसे चहा पिताना सगळे सांगतात. वही काढली की गप्प होतात. पुन्हा त्याच कार्यालयात जायचे असते ना त्यांना. त्यामुळे त्या रकान्यात सध्या नावे लिहीत नाही, फक्त तारीख, काम आणि कारण लिहितो. ज्यांना आपल्या तालुक्यात अशी वही सुरू करायची आहे त्यांनी हेच सहा-सात रकाने घ्यावेत, म्हणजे पुढे सगळ्या वह्या एकत्र जोडता येतील.